१८ इंची लोखंडी कूलर: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गारवा किती, पाणी किती

होळी झाली की जालना, परभणी, लातूर, नांदेड, कुठल्याही जिल्ह्याच्या गावी पत्रा-वेल्डिंगच्या दुकानांपुढे लोखंडी कूलरची रांग लागते. जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची चौकोनी पेटी, तीन बाजूंना गवत भरलेल्या ताट्या, समोर १८ इंची एक्झॉस्ट पंखा, तळाला ७० ते १०० लिटरची टाकी आणि त्या पाण्यात बुडालेला तळहाताएवढा पंप. अंगावर कंपनीचे नाव नसते, असलाच तर दुकानाचा स्टिकर असतो.

मत आधी सांगतो, कारणे मागाहून. आपल्या हवेला इतके चपखल बसणारे दुसरे यंत्र बाजारात नाही. पण दुकानात उभा असतो तसाच उचलून आणला, तर ज्या महिन्यात गावात टँकर फिरतो त्याच महिन्यात हा कूलर एका कुटुंबाच्या वाट्याचे पाणी रोज हवेत उडवतो. म्हणून घेताना झोत किती लांब जातो हे विचारण्याआधी तासाला पाणी किती लागते हे विचारावे. दुकानदार बहुधा सांगणार नाही, पण ते घरबसल्या काढता येते, आणि खाली काढून दाखवले आहे.

कूलर इथे चालतो तो कोरड्या हवेमुळे. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरीने ७०० ते ८०० मिलिमीटरच्या घरात, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पश्चिमेला वैजापूर, गंगापूर, आष्टी, पाटोदा या पट्ट्यात त्याहून कमी, पूर्वेला किनवट-माहूरकडे जास्त. समुद्र लांब, उन्हाळ्यात रान मोकळे, काळी जमीन भेगाळलेली. त्यामुळे मार्चच्या मध्यापासून दुपारी हवेतला दमटपणा २० टक्क्यांच्या आसपास येतो, एप्रिल-मेमध्ये पुष्कळदा त्याच्याही खाली जातो. तापमान ४० ते ४३. अशा हवेत उघड्या हौदाची पातळी दिवसाला एक सेंटिमीटर किंवा जास्त खाली जाते. हौदाचे नुकसान करणारी हीच कोरडी हवा कूलरच्या ताटीतून गेली की गार होते.

आता आकडे. बाहेर ४२ अंश आणि दमटपणा १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २२ दाखवतो. कूलर कितीही चांगला असो, २२च्या खाली जाऊ शकत नाही, ती त्याची हद्द. ४२ आणि २२ मधल्या २० अंशांपैकी चांगली भरलेली गवताची ताटी पाऊण हिस्सा, म्हणजे १५ अंश, कमी करते. झोत २७ अंशांचा मिळतो. आता जुलै घ्या. बाहेर ३२ अंश, दमटपणा ७५ टक्के. ओला थर्मामीटर २८ च्या वर असतो. मध्ये उरले जेमतेम चार अंश, त्यातले तीन कमी झाले, पण हवा आणखी ओली झाली. अंगाचा घाम वाळत नाही, अंथरूण चिकट लागते, दाराच्या चौकटी फुगतात. यंत्र तेच, पंप तोच, गवतही तेच, हवा तेवढी बदललेली.

थर्मामीटर नसेल तर घरातला माठ बघावा. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते त्याच तत्त्वाने कूलर चालतो. माठातले पाणी दाताला लागते तोवर कूलरचा पंप चालू ठेवण्यात अर्थ आहे. मृग बरसला, माठ कोमट झाला, की पंप बंद करून नुसता पंखा वापरावा. एप्रिल-मेमधल्या अवकाळी पावसानंतर एक-दोन दिवस हवा ओलसर राहते, तेव्हाही हेच करावे. असल्या दिवशी ‘कूलर बिघडला’ म्हणून मिस्त्रीला बोलावले जाते आणि धडधाकट पंप बदलला जातो. ऑक्टोबरच्या उन्हात मधली स्थिती असते: ३४ अंश आणि ४५ टक्के दमटपणा धरला तर सहा-सात अंशांचा फरक मिळतो, तोही समोरची खिडकी पूर्ण उघडी असेल तरच.

पाण्याचा हिशेब

१००० घनमीटर हवा १५ अंशांनी थंड करायला साधारण ७ लिटर पाणी उडावे लागते. यात कंपनी, किंमत, रंग काही आड येत नाही, पाण्याचा गुणधर्मच तो. १८ इंची पंखा मधल्या वेगावर ओल्या ताट्यांतून तासाला २००० घनमीटर हवा ओढतो असे धरू. म्हणजे भर दुपारी तासाला १३-१४ लिटर. पूर्ण वेगावर २० लिटरपर्यंत. ७० लिटरची टाकी दुपारी बाराला भरली तर मधल्या वेगावर पाचच्या सुमारास आणि पूर्ण वेगावर साडेतीनलाच पंप कोरडा पडतो. संध्याकाळी तासाला ९, रात्री ५-६ लिटर धरले, तरी दुपारचे चार, संध्याकाळचे चार आणि रात्रीचे सहा तास मिळून दिवसाला १२० लिटर होतात.

टंचाईत टँकरचे पाणी माणशी २० लिटर या हिशेबाने मिळते. पाच माणसांच्या घराचे १०० लिटर. कूलर एकटाच त्याहून जास्त घेतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा घागरीघागरीचा हिशेब होता. असा उन्हाळा पुन्हा येणार नाही असे धरून कूलर घेऊ नये.

हा खर्च निम्म्यावर आणता येतो, आणि तो मार्ग लोखंडी कूलरमध्येच आहे, कारण तो मागू तसा बनवून मिळतो. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची स्लॅबची खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. २००० घनमीटरचा पंखा ती सगळी हवा दर मिनिटाला बाहेर ढकलतो. इतके कशाला? दोन मिनिटांतून एकदा हवा बदलली तरी पुरते. म्हणजे १००० घनमीटर, म्हणजे दिवसाला १२० ऐवजी ६० लिटर. दुकानदाराला स्पष्ट सांगावे: पेटी आणि ताट्या १८ इंचीच्याच मापाच्या, पण पंखा १२ किंवा १५ इंची, १४०० ऐवजी ९०० आरपीएमचा (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांचा). ताटीचे क्षेत्र मोठे आणि हवा संथ, म्हणजे हवेला पाण्याशी भिडायला वेळ मिळतो, झोत जास्त गार येतो आणि आवाजही कमी होतो. ‘वारा लागणार नाही’ असे तो म्हणेल. खाटेपासून सहा-सात फुटांवर कूलर ठेवला तर तो वारा भरपूर होतो.

पत्र्याच्या खोलीला मात्र हा सल्ला लागू नाही. तापलेला पत्रा वरून सतत उष्णता सोडतो. लहान पंख्याची हवा ताटीतून २७ अंशांवर निघाली तरी खोलीतून बाहेर पडेपर्यंत ३३ होते, मोठ्या पंख्याने ती ३० वर राहते. तिथे १८ इंचीच हवा, नाहीतर आधी पत्रा थंड करावा. पत्र्यावर तुराट्यांचा अर्धा फूट थर दोरीने घट्ट बांधून घातला, किंवा पांढरा रंग दिला, तर कूलरवरचा भार लक्षात येण्याइतका उतरतो. स्लॅबला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्यावेत, चुना भिजवताना त्यात डिंक घालावा म्हणजे बोटाला लागत नाही. जुन्या माळवदाच्या घरात, जिथे भिंतच हातभर जाड आहे, तिथे लहान कूलरही रात्री नकोसा होतो.

एक गैरसमज: टाकीत बर्फ टाकणे. किलोभर बर्फ वितळून जेवढी उष्णता घेतो त्याच्या साधारण सातपट उष्णता एक लिटर पाणी उडताना घेते. लिटरभर पाणी उडाले की विजेच्या जवळजवळ ०.६७ युनिटाएवढी उष्णता हवेतून काढली जाते. बर्फाचे पैसे पाण्यात जातात. टाकीचे पाणी उन्हात तापू नये एवढी काळजी पुरे.

दुकानात काय बघायचे

पत्रा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २६ गेजची पेटी हलकी आणि स्वस्त असते, अंगठ्याने दाबली तर पोचा पडतो, पंखा चालला की डबड्यासारखी वाजते. पेटी २४ गेजची चालेल, पण टाकी २२ किंवा २० ची मागावी, कारण सडते ती टाकीच, तीसुद्धा कोपऱ्यात, जिथे वेल्डिंगने जस्त जळालेले असते. घेताना टाकीच्या आत हात फिरवून चारही कोपरे चाचपावेत. वेल्डिंगवर रंग नुसता फासला असेल तर नखाने निघतो. घरी आणल्यावर पहिले पाणी भरण्याआधी आतून काळ्या डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत, पहिला हात पूर्ण वाळू द्यावा. एवढे केले तर टाकी निम्म्या उन्हाळ्यात गळायला लागत नाही.

तळाला बूच आहे का ते बघावे. पुष्कळ कूलरना ते नसतेच, किंवा तळापासून इंचभर वर असते आणि तेवढे घाण पाणी कायम आत राहते. बूच सर्वांत खालच्या बिंदूला असावे आणि पेटी त्या बाजूला किंचित कलती ठेवता यावी. पाण्याच्या हिशेबाइतकीच ही बाब महत्त्वाची आहे, कारण क्षारांचा सगळा बंदोबस्त या बुचातून होतो.

ताट्यांचे गवत. हे गवत म्हणजे मऊ लाकडाचा लांब, कुरळा कीस. दुकानातल्या ताट्या बहुधा इंचभराच्या असतात आणि त्यात गवत इतके विरळ भरलेले असते की पलीकडचा उजेड दिसतो. जिथून उजेड येतो तिथून गरम हवाही येते. ताटी दोन इंचांची मागावी. गवत हाताने मोकळे करून सारखे पसरावे, गोळे राहू देऊ नयेत, आणि वरच्या कडेला मुठीमुठीने जास्त भरावे, कारण भिजले की ते खाली बसते आणि वर दोन-तीन बोटांची फट पडते. सगळ्यात जास्त गारवा त्या फटीतून निसटतो. नवीन गवत पहिल्या दिवशी पिवळे पाणी सोडते आणि ओल्या लाकडाचा वास येतो. पंप तासभर चालवून ते पाणी पूर्ण काढून टाकावे, मग पंखा लावावा. वाळ्याच्या ताट्या महाग, पण नीट वाळवून ठेवल्या तर दोन उन्हाळे जातात आणि त्यांचा वास आजारी माणसालाही सोसतो. गारव्यात फार फरक नाही.

पन्हाळी. ताटीच्या वर पत्र्याची अरुंद पन्हाळी असते आणि तिच्या तळाला भोके. पंपाचे पाणी नळीने तिच्यात येते आणि ताटीभर झिरपते. पन्हाळी पाणपातळीत नसेल तर एकीकडे धार आणि दुसरीकडे कोरडा पट्टा. कूलर तपासायची सर्वांत सोपी खूण हीच. पंप चालू करून दहा मिनिटांनी ताटीच्या बाहेरून हात फिरवावा. कोरडा, कोमट उभा पट्टा हाताला लागला की वरचे भोक बुजले असे समजावे. सुतळीच्या सुईने किंवा बारीक खिळ्याने ते मोकळे होते. दर पंधरा दिवसांनी करावेच लागते.

पंप १८ वॉटचा पुरतो, पाच फूट उंचीपर्यंत पाणी चढवतो. ४० वॉटचा लावला तर पाणी ताटीवरून उसळून खोलीत तुषार येतात, गारवा वाढत नाही. पंप पाण्यानेच थंड राहतो, म्हणून टाकी कोरडी पडून तासभर चालला की जळतो. सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग हाच, आणि कारण बहुतेक वेळा कोरडे चालणे किंवा फिरकीत अडकलेला गवताचा धागा. पंपाला नायलॉनची जुनी जाळी किंवा पातळ फडके सैल गुंडाळावे. आवाज येतो पण पाणी चढत नाही, तर आधी पंप उलटा करून फिरकीचे झाकण काढावे, गवत आणि क्षार साफ करावेत, बोटाने फिरकी फिरते का बघावी. दहातल्या पुष्कळ पंपांना एवढेच हवे असते.

पंख्याची मोटर तांब्याच्या वाइंडिंगची आहे का हे लेखी मागावे. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० पर्यंत उतरते, तेव्हा कमकुवत मोटर घूं करून जागीच थांबते. पाते हाताने ढकलल्यावर फिरत असेल तर दोष मोटरचा नसून कंडेन्सरचा असतो. तो स्वस्त भाग आहे, त्याच आकड्याचा बदलावा, जास्त एमएफडीचा (त्यावर लिहिलेला क्षमतेचा आकडा) घालू नये. पाते हाताने ढकलून कूलर चालवत राहणे हा मोटर जाळण्याचा आणि बोटे तुटण्याचा हमखास रस्ता आहे.

विजेच्या बाबतीत कूलरची बाजू भक्कम आहे. पंखा १५० ते १८० वॉट, पंप १८. पाच तासांत एक युनिट. दीड टनाचा एसी एवढी वीज चाळीस-पन्नास मिनिटांत घेतो आणि कमी व्होल्टेजला पुष्कळदा चालत नाही. लाइट गेली तर हा कूलर इन्व्हर्टरवरही तासभर निघतो.

बसवायचा कसा

कूलरची पाठ मोकळ्या हवेत आणि तोंड खोलीत. खोलीच्या आत ठेवलेला कूलर पहिली पंधरा मिनिटे गार वाटतो, मग तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ताटीतून जाते आणि मे महिन्यातही जुलै होतो. खिडकी उत्तरेची किंवा पूर्वेची बघावी. पश्चिमेचीच असेल तर वर पत्र्याची पडवी किंवा हिरवी नेट, ताटीपासून दीड फूट लांब. ताटीवरच नेट टाकली तर हवा कोंडते.

समोरच्या भिंतीत हवा जायला वाट हवी: मोठ्या पंख्याला ३ चौरस फूट, लहान पंख्याला दीड. वाट पुरेशी आहे का हे बघायला उंबऱ्यापाशी कागदाची पट्टी धरावी. ती बाहेरच्या बाजूला सरळ उडाली पाहिजे. दार आपोआप धाडकन लागत असेल, तर वाट कमी आहे. दार-खिडक्या लावून ‘गारवा कोंडून’ ठेवण्याची सवय एसीची. कूलरला ती घातक.

चालू करताना आधी दहा मिनिटे पंप, मग पंखा. बंद करताना उलट: आधी पंप, मग पंखा वीस मिनिटे. ताट्या वाळतात, वास धरत नाही. पहाटे तीन-चारच्या पुढे बाहेरचीच हवा बहुधा २५-२६ वर आलेली असते. तेव्हा पंप बंद केला तर १०-१५ लिटर वाचतात आणि सकाळी अंग जड वाटत नाही.

क्षार

आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. पाणी उडते, क्षार मागे राहतात. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेले पाणी रोज १०० लिटर उडाले तर दिवसाला १०० ग्रॅम, ६० दिवसांत ६ किलो क्षार कूलरमध्ये साचतो. मे अखेरीस ताटी उघडली की गवताचे केस एकमेकांना चिकटून पांढरे, कडक झालेले दिसतात. चिमटीत धरले तर पापडासारखे मोडतात आणि बोटांवर पीठ राहते. त्यातून ना पाणी झिरपते ना हवा जाते. गवत ओले दिसते, झोत मात्र कोमट.

उपाय तळाच्या बुचात. टाकीत शेवटचे ८-१० लिटर उरले की दर दोन दिवसांनी ते काढून टाकावे, संडासात किंवा ओसरी पुसायला वापरावे. झाडांना घालू नये, विशेषतः कढीपत्ता, लिंबू यांना ते सोसत नाही. नुसते वर पाणी ओतत राहिले तर टाकीतले पाणी आठवड्यात अनेकपट खारट होते. पाणी शुद्ध करणाऱ्या मशिनचे टाकाऊ पाणी वाचवून कूलरला घालतात, ते मूळ पाण्याहून जास्त क्षारांचे असते. तेही पुसायलाच बरे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी दोन दिवसांत आंबते. पंप आणि पन्हाळी महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात, बादलीला १०० ग्रॅम, तासभर बुडवून ब्रशने घासावी. गवत मात्र धुवून परत वापरण्याच्या भानगडीत पडू नये, मेच्या पहिल्या आठवड्यात नवे भरावे.

इथेच प्लास्टिक बॉडीच्या, मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड असलेल्या कंपनी कूलरची तुलना करायला हवी. गोड्या पाण्यावर ते पॅड गवतापेक्षा सरस, जास्त गार झोत आणि तीन-चार वर्षांचे आयुष्य. बॉडी गंजत नाही, शॉकची धास्ती कमी, लहान मुलांच्या घरात हे मोठे आहे. पण जड पाण्यावर त्या पॅडची भोके एक-दोन उन्हाळ्यांत बुजतात, आणि एका पॅडसंचाच्या पैशांत गवत कित्येक वेळा बदलून होते. काही पॅडमध्ये नळ्यांचा एक उतार तीव्र आणि दुसरा सौम्य असतो. तीव्र उतार बाहेरच्या, म्हणजे हवा आत शिरते त्या बाजूला खाली उतरणारा हवा. उलटा बसला तर खोलीत तुषार उडतात. नळाला धरणाचे पाणी येणारी वस्ती असेल, तर प्लास्टिकचा घ्यावा. बोअर किंवा टँकरवर असलेल्या गावात माझे मत लोखंडी पेटी आणि गवताच्याच बाजूने पडते. मोडलेला प्रत्येक भाग तालुक्याच्या बाजारात मिळतो, आणि गावातला कुठलाही वायरमन तो जोडतो.

शॉक

लोखंडी कूलरचा खरा दोष एकच, आणि तो जिवावर बेततो. ओली फरशी, अनवाणी पाय, पाण्यात बुडालेला पंप आणि पत्र्याची पेटी. पंपाच्या वायरचे आवरण एका जागी तडकले की सगळी पेटी करंट धरते. दुकानातून येतो तेव्हा बहुतेक कूलरना दोन पिनांचे टॉप असते. तीन पिनांचे टॉप, तिसरी हिरवी वायर पेटीला स्क्रूने आवळलेली, आणि बोर्डाची अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत गेलेली, या तिन्ही गोष्टी हव्यात. बोर्डात तिसरे भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असे नाही. वायरमनकडून फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघावे, पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे.

मीटरपाशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावी. साधी एमसीबी माणसाला करंट लागल्यावर पडत नाही, ती जास्त लोडवर पडते. कूलरच्या निम्म्या किमतीची वस्तू वाटेल, पण पैसे कमी पडत असतील तर कूलर १२ इंची घ्यावा, आरसीसीबी सोडू नये. टाकी भरताना, पंप चाचपताना, ताटी काढताना बटण बंद करणे पुरेसे नाही. टॉपच उपसून हातात घ्यावे, कारण बटण चुकीच्या वायरवर असेल तर बंद असूनही पंपात करंट असतो. कूलरच्या चार फुटांत लहान मुले येणार नाहीत अशी आडकाठी ठेवावी आणि पंख्याच्या जाळीत एका बोटाचीही जागा नसावी.

किंमत आणि पाऊस पडल्यावर

साध्या १८ इंची लोखंडी कूलरला जिल्ह्याच्या गावी साधारण ५ ते ८ हजार पडतात. जाड टाकी, दोन इंची ताटी, तळाला बूच आणि तीन पिनांचे टॉप यांचे थोडे वर द्यावे लागतील, ते द्यावेत. फेब्रुवारीत सांगितले तर दुकानदार सवडीने आणि सांगू तसे बनवतो. एप्रिलच्या पहिल्या चटक्याला गेलात तर जो उभा असेल तोच मिळतो.

उन्हाळाभर आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या भिंती काथ्याने घासाव्यात. डेंग्यूचा डास पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेलगत भिंतीवर अंडी घालतो आणि ती चिकटून बसतात. पाणी नुसते ओतून दिले तर अंडी तिथेच राहतात, आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत असतात. पुढच्या पाण्यात त्यांतून पुन्हा अळ्या होतात. म्हणूनच मृगाचा पाऊस स्थिरावला की कूलर झाकून ठेवण्याआधी टाकी घासून धुवावी, गवत काढून उकिरड्यावर टाकावे, पंप गोड्या पाण्यात पाच मिनिटे चालवून पुसून घरात ठेवावा, मोटरच्या दोन्ही बुशांत तेलाचे दोन-दोन थेंब सोडावेत. बूच उघडेच ठेवावे. पेटी दोन विटांवर, तळाला हवा लागेल अशी ठेवली आणि वरून प्लास्टिक न गुंडाळता गोणपाट टाकले, तर आत घाम धरत नाही आणि पुढच्या होळीला टाकीचे कोपरे शाबूत सापडतात.